बोटाएवढी नळी आणि चार मिनिटं सदतीस सेकंद

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे डोक्यावरून जातात अशी तक्रार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली होती, त्यामुळे आकडे इथे नीट वाचून घ्या. आज विषय आहे गोठलेल्या पाइपांचा. हो, गोंदिया जिल्ह्यातला माणूस गोठलेल्या पाइपांवर बोलतोय. थोडं थांबा, सांगतो.

15 फेब्रुवारी 2021. अमेरिकेतलं टेक्सास राज्य, मेक्सिकोच्या आखाताजवळचा साउथ टेक्सास अणुवीज प्रकल्प. पहाटे 5 वाजून 37 मिनिटांनी तिथली पहिली अणुभट्टी आपोआप बंद पडली. सुमारे 1300 मेगावॅट वीज एका झटक्यात गेली. स्फोट झाला नव्हता, गळती नव्हती, अणुभट्टी ठणठणीत होती. गोठली होती ती पाण्याची एक बारीक नळी. पाण्याचा दाब मोजणाऱ्या यंत्रापर्यंत जाणारी, आत पाणी स्थिर उभं असणारी. ती गोठल्यावर यंत्राने चुकीचा दाब सांगितला, त्या चुकीच्या आकड्यावर पंप थांबले, आणि पंप थांबले म्हणून भट्टीने स्वतःला बंद केलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. फक्त पहिला आकडा खोटा होता.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट लगेच कळते. सेन्सरने कचरा पाठवला, पुढचा सगळा कोड बरोबर चालला, आणि सिस्टिम आडवी झाली.

पण ही नळी गोठली कशी? अणुवीज केंद्र बांधणाऱ्यांना थंडी माहीत नव्हती का? इथूनच इतिहास सुरू होतो. आणि तो समजून घ्यायला आधी आपल्याकडे यावं लागेल.

माझं घर तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलापासून फार लांब नाही. विदर्भात थंडी पडली की बातम्यांमध्ये 'गोंदिया सर्वात थंड' हे वाक्य हमखास येतं. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता. त्याआधीचा विक्रम 3.9 चा, तोही 7 जानेवारी 1937 चा. म्हणजे ऐंशीएक वर्षांत एवढी थंडी नव्हती. आणि तरीही कोणाच्या घरचा पाइप फुटला नाही. सकाळी लोक शेकोटीभोवती कुडकुडत बसले आणि नळाला पाणी आलं.

कारण सरळ आहे. शून्याखाली गेल्याशिवाय पाणी गोठत नाही, आणि घरातला पाइप फुटायला नुसतं शून्यही पुरत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या इमारत संशोधन विभागाने 1990 च्या दशकात यावर प्रयोग केले. माळ्यावरच्या, काही गुंडाळलेलं नसलेल्या पाइपांना धोका कधी सुरू होतो हे त्यांनी तपासलं. उत्तर आलं: बाहेर साधारण उणे 7 अंश सेल्सियस झाल्यावर. तेही काही तास टिकलं तर. पाण्यात उष्णता भरपूर साठलेली असते, ती सहजासहजी सुटत नाही.

'पण महाबळेश्वरला तर दवबिंदू गोठतात!' बरोबर. वेण्णा तलावाच्या जेट्टीवर, लिंगमळ्यात, तिकडे नंदुरबारला सातपुड्यातल्या डाबकडे गवतावर पांढरा थर दिसतो, त्याचे फोटो दर हिवाळ्यात तुमच्या व्हॉट्सअॅपवर येतात. त्या सकाळी तापमापक मात्र शून्याच्या वरच असू शकतो. निरभ्र रात्री गवताचं पातं आकाशाकडे उष्णता फेकतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त थंड होतं. पात्यावरचा थेंब गोठतो. पण खालची जमीन ऊबदार असते, थंडी पहाटेचे दोन-तीन तास टिकते, आणि ऊन आलं की खेळ संपतो. पाइपाला गोठायला तेवढा वेळच मिळत नाही.

जमीन ऊबदार असते हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. नागझिरा या नावातच 'झिरा' आहे, जमिनीतून झिरपणारं पाणी. जानेवारीत पहाटे विहिरीतून पाणी काढलं की त्यातून वाफ येताना दिसते. काही मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहतं, आणि आमच्याकडे ती सरासरी पंचविसाच्या वर आहे. त्यामुळे विहीर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागते. विहीर तीच असते, बदलतो आपला हात.

गोठण्याची भीती नसल्याने आपल्याकडे पाणी बिनधास्त उघड्यावर ठेवलं गेलं. पूर्व विदर्भात सुमारे पावणेसात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने ते बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, अशी गोंड राजांच्या काळातली प्रथा सांगतात. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळींच्या नावाने ओळखला जातो. 1950 नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पुढे त्यांचं काय झालं तो वेगळा आणि दुःखाचा एपिसोड आहे, तो परत कधीतरी. मुद्दा एवढाच की मातीची पाळ, उघडं पाणी, उघडे पाट. इथल्या अभियंत्याचा शत्रू ऊन होतं, बर्फ नव्हता. मुंबईचंही तेच. विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये शहरात आलं, तानसाचं 1892 मध्ये, आणि तानसाच्या त्या अजस्र जलवाहिन्या आजही जमिनीवरून धावताना दिसतात. शिकागोत कोणी असं केलं असतं तर पहिल्याच हिवाळ्यात त्याची नोकरी गेली असती.

थंड देशांत पाइप किती खोल पुरायचा याला नियम असतो. हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्या खाली. बोस्टन, शिकागो भागात हे माणसाच्या छातीएवढं किंवा त्याहूनही खोल जातं. हे शहाणपण मार खाऊनच आलेलं आहे. 1895 च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये एवढी थंडी पडली की रस्त्याखालच्या वाहिन्या गोठल्या, आणि त्या काळी जगातल्या सर्वात श्रीमंत शहरातले लोक रस्त्यावरच्या तात्पुरत्या नळांपुढे बादल्या घेऊन रांगेत उभे होते. लेहमध्ये आजही अनेक घरांत हिवाळ्यात नळ रिकामे करून टाकतात आणि पाणी हातपंपावरून किंवा टँकरमधून येतं.

मग टेक्सास कुठे बसतं? टेक्सास आपल्यासारखं आहे, पण वर्षातून एखाददुसऱ्या आठवड्यात आपल्यासारखं नसतं. तिथे उन्हाळ्यात चाळीस अंश असतात. जमीन जवळपास गोठतच नाही, म्हणून पाइप उथळ. घरं काँक्रीटच्या ओट्यावर, तळघर नाही, म्हणून बऱ्याच घरांत पाणी माळ्यावरून फिरवलेलं. आणि माळा थंडीत बाहेरच्या हवेसारखाच थंड. वीजकेंद्रांतही तेच. यंत्रांची उष्णता बाहेर जावी म्हणून बऱ्याच केंद्रांना भिंतीच नाहीत. वर्षातले अकरा महिने ही रचना हुशारीची आहे. मला त्यांना मूर्ख म्हणायचं नाही, आपणही तेच केलं असतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये उत्तरेची ध्रुवीय हवा थेट मेक्सिकोच्या सीमेपर्यंत उतरली. 16 तारखेला डलासमध्ये उणे 19 अंश, ह्यूस्टनमध्ये उणे 11 च्या आसपास. लोकांनी हीटर लावले. टेक्सासात लाखो घरांचे हीटर विजेवर चालतात, त्यामुळे विजेची मागणी वाढत गेली. त्याच वेळी वायू विहिरीच्या तोंडाशी गोठू लागला, कोळशाचे ढीग गोठले, पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ बसला, आणि सर्वात जास्त म्हणजे वीजकेंद्रांतल्या बारीकसारीक नळ्या, मापक, व्हॉल्व गोठले. सरकारी चौकशी अहवालानुसार केंद्रं बंद पडण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच, यंत्रसामग्री गोठणं. वायूचा तुटवडा दुसऱ्या क्रमांकावर.

15 तारखेला रात्री 1 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे दुपारी एकला पाच मिनिटं कमी असताना, एरकॉट या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने भारनियमन सुरू केलं. अमेरिकेत विजेची वारंवारिता 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. मागणी जास्त आणि पुरवठा कमी झाला की हा आकडा घसरतो, चढावर बैलगाडी मंदावते तसा. त्या रात्री तो 59.4 च्या खाली गेला. तिथे तो सलग नऊ मिनिटं राहिला असता तर उरलेली केंद्रं स्वतःला वाचवायला एकेक करून सुटली असती आणि अख्खं राज्य काळोखात गेलं असतं. तो 4 मिनिटं 23 सेकंद राहिला. उरली होती 4 मिनिटं 37 सेकंद.

कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसांनी तेवढ्या वेळात शहरंच्या शहरं तोडली. एकूण 20,000 मेगावॅटपर्यंत भार कापला गेला. आमच्या तिरोड्याचं औष्णिक केंद्र 3300 मेगावॅटचं आहे, अशी सहा. ग्रिड पूर्ण कोसळलं असतं तर ते परत उभं करायला काही आठवडे, कदाचित महिने लागले असते असं एरकॉटच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं. म्हणजे तो निर्णय बरोबरच होता. पण भारनियमन म्हटल्यावर आपल्या डोक्यात जे येतं, दोन तास तुमचे, दोन तास त्यांचे, तसं ते झालं नाही. इतका भार कापावा लागला की फिरवायला काही उरलंच नाही. ज्यांची वीज गेली त्यातल्या अनेकांची तीन-चार दिवस आली नाही. रुग्णालयांच्या लाइनवर असलेल्यांची गेलीच नाही. शिवाय वायूचे काही पंपही त्याच कापाकापीत बंद झाले, कारण ते अत्यावश्यक यादीत नोंदवलेलेच नव्हते. वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीज नाही. कोडमध्ये याला डेडलॉक म्हणतात. कोडमध्ये रीस्टार्ट करता येतं.

आणि मग पाळी आली घरांच्या पाइपांची.

हे मला बातम्यांतून कळलं नाही. कोविडमुळे मी तेव्हा गावाहून काम करत होतो आणि आमची अर्धी टीम ऑस्टिनला. मंगळवारी संध्याकाळच्या कॉलला तिकडचं कोणीच आलं नाही. त्यात आमचे एक सीनियर होते, मूळचे वर्ध्याचे, सगळे त्यांना दादाच म्हणतात. रात्री उशिरा त्यांचा मेसेज आला, गाडीत बसून फोन चार्ज करत होते: 'घरात 6 डिग्री आहे. आईनं जबरदस्ती बादल्या भरून ठेवायला लावल्या, ते बरं झालं.' आई वर्ध्याहून व्हिडिओ कॉलवर. बातमी बघून तिने एवढंच विचारलं होतं, 'लाइन जाणार म्हणतात, मग पाणी भरून ठेवलं का रे?' विदर्भात भारनियमनात संसार केलेल्या बाईला लाइन आणि पाणी ही एकच गोष्ट आहे हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आता पाइप फुटतो कसा, हे नीट ऐका, कारण इथे सगळ्यांचा गैरसमज असतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. आपल्याला वाटतं बर्फ फुगतो आणि पाइप तिथेच चिरतो. इलिनॉयच्या प्रयोगांत दिसलं ते वेगळं. पाइपात बर्फाचा बोळा तयार होतो, बोळा वाढताना पुढचं पाणी बंद नळाकडे ढकलतो. पाण्याला जायला जागा नाही. दाब नेहमीच्या कितीतरी पट चढतो, आणि पाइप फुटतो तो बऱ्याचदा जिथे बर्फच नाही तिथे, सांध्यापाशी किंवा कमजोर जागी. म्हणूनच थंडीच्या रात्री नळ बारीक धारेने सुरू ठेवायला सांगतात. वाहतं पाणी गोठत नाही, हे त्याचं कारण अर्धंच. खरा फायदा असा की गोठलं तरी दाब निघून जायला वाट राहते.

आणि फुटल्यावर लगेच कळत नाही. बर्फाचा बोळाच बूच असतो. थंडी ओसरली, बोळा वितळला, की मग छतातून पाणी. दादांकडे गुरुवारी तेच झालं. वीज आली, घर गरम झालं, सगळे खूश, आणि दिवाणखान्याच्या छतातून धार. घराचा मुख्य व्हॉल्व रस्त्याकडेच्या मीटरच्या पेटीत, पेटीवर बर्फ, आणि पेटी उघडायला वेगळी किल्ली लागते ती त्यांनी घर घेतल्यापासून पाहिलीच नव्हती. शेजाऱ्याकडून किल्ली येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. आपल्याकडे पाइप फुटला तर गच्चीवरची टाकी रिकामी होते, हजार लिटर, आणि थांबतं. तिकडे पाइपाच्या मागे अख्ख्या शहराचं पाणी दाबाने उभं असतं. कोणी बंद करेपर्यंत येत राहतं.

हे एका घराचं. असं लाखो घरांत एकाच दिवशी झालं तर? ऑस्टिन शहराने त्या दिवसांत 32 कोटी 50 लाख गॅलन पाणी गमावलं, म्हणजे सव्वाशे कोटी लिटरच्या आसपास. फुटलेल्या वाहिन्या, फुटलेली घरं. वर सगळ्यांचे नळ बारीक धारेने सुरू. शेवटी शहराला उलटं सांगावं लागलं: नळ ठिबकत ठेवू नका, टाक्या रिकाम्या होताहेत. एका घराला वाचवणारा सल्ला अख्ख्या शहराने पाळला तर शहराला बुडवतो. 17 तारखेला शहराच्या सर्वात मोठ्या जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली आणि पाणी उकळून प्या असा आदेश निघाला. उकळायला वीज कुठे होती, हा प्रश्न होताच. राज्यभर सुमारे दीड कोटी लोकांवर असे आदेश होते. लोक अंगणातला बर्फ बाथटबमध्ये वितळवून संडासाला वापरत होते. जगातल्या ऊर्जेच्या राजधानीत.

टेक्सासच्या आरोग्य विभागाने अधिकृत मृतांचा आकडा दिला तो 246. त्यातले साधारण दोन तृतीयांश थंडीने गारठून गेले. बाकीच्यांत बंद घरात जनरेटर किंवा शेगडी लावून विषारी वायूने गेलेलेही होते.

आता मला ज्याचा राग येतो तो भाग. डिसेंबर 1989 मध्ये टेक्सासात असंच झालं होतं. केंद्रं गोठली, भारनियमन झालं, चौकशी झाली, केंद्रांना थंडीपासून वाचवा अशी शिफारस झाली. फेब्रुवारी 2011 मध्ये पुन्हा झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय संस्थांनी जाडजूड अहवाल काढला, त्यात लिहिलं की 1989 नंतर सांगितलेलं बऱ्याच जणांनी केलंच नाही, आणि पुन्हा तेच सांगितलं: नळ्या गुंडाळा, त्यांना हीटरच्या तारा लावा, वारा अडवायला आडोसे उभे करा, हिवाळ्याआधी तपासा. पण त्या शिफारशी होत्या, सक्ती नव्हती. ज्या बोटाएवढ्या नळीने अणुभट्टी बंद पाडली, तशा नळ्यांचं नाव दहा वर्षं कागदावर होतं. आमच्या क्षेत्रात प्रत्येक बिघाडानंतर पोस्टमॉर्टेम लिहितात, खाली कामांची यादी असते, आणि ती यादी 'लो प्रायॉरिटी' म्हणून पडून राहते. मी अशा याद्या पाहिल्यात. त्यात माणसं मरत नाहीत म्हणून आपण हसून सोडून देतो.

केंद्रांना सक्ती आली ती जून 2021 मध्ये, सिनेट बिल 3 या कायद्याने. घरांच्या माळ्यावरच्या पाइपांना तो कायदा हात लावत नाही, ते ज्याचं त्याने बघायचं.

तुमचं कोणी ऑस्टिन, डलास, ह्यूस्टनला असेल तर हा भाग त्यांना पाठवा, आणि एवढं नक्की विचारा: घराचा मुख्य व्हॉल्व कुठे आहे आणि तो उघडणारी किल्ली कुठे आहे? थंडीचा इशारा आला तर सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची, म्हणजे घरातली ऊब भिंतीतल्या पाइपांपर्यंत जाते. बाहेरच्या नळाला जुनं पांघरूण बांधलं तरी चालतं. नळ उघडूनही पाणी येत नसेल तर गोठलंय समजा: नळ उघडाच ठेवा, आणि नळापासून मागे मागे जात हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेका. पेटती ज्योत पाइपाजवळ न्यायची नाही, घरं पेटलेली आहेत तशी. आणि वीजच गेली, घर गार पडायला लागलं, तर सगळ्यात खात्रीचा उपाय जुना आहे, लेहवाल्यांचा: मुख्य व्हॉल्व बंद करा, सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा. रिकामा पाइप फुटत नाही. त्याआधी बादल्या भरायच्या, हे दादांच्या आईच्या वतीने.

डिसेंबर 2022 मध्ये नाताळच्या तोंडावर पुन्हा तशीच हवा उतरली. ऑस्टिनला उणे दहाच्या आसपास. या वेळी ग्रिड टिकलं. दादांनी तोवर माळ्यावरच्या पाइपांना फोमची आवरणं घातली होती, आणि मीटरच्या पेटीची किल्ली दाराच्या मागे खिळ्याला लटकवली होती, तोरणाच्या शेजारी. फोटो पाठवला होता त्यांनी ग्रुपवर.